मदत करायची तर नीट करू या: इंदूरच्या ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी

मदत करायची इच्छा आपल्या मंडळ्यांमध्ये खूप आहे, त्याची कमी मला कधीच दिसली नाही. अडतं ते कसं करायचं तिथे. तरुण संघातली मुलं विचारतात ताई नेमकं काय करू, पैसे देऊ का, कोणाला देऊ, तो खोटं बोलत असला तर? आणि उत्तर म्हणून त्यांना फक्त "प्रेम करा" एवढंच सांगितलं जातं, त्याने काम होत नाही. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय, इंदूरमध्ये राहणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल अशा पद्धतीने.

सुरुवात लूक १० पासून. शोमरोन्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, जखमांवर तेल आणि द्राक्षारस, स्वतःच्या जनावरावर बसवून उताऱ्याच्या जागी नेलं, रात्रभर काळजी घेतली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोन दीनार देतो आणि तिथल्या माणसाला सांगतो, याच्याकडे लक्ष ठेव, जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. हे "परत येईन" मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एकदा द्यायला खूप जण तयार असतात, दुसऱ्यांदा जाणारे कमी. माझं तर म्हणणं असं आहे की पन्नास जणांना एकदा भेटण्यापेक्षा दोन घरांत वर्षभर जा, त्या माणसाला तुमचं नाव माहीत असू दे आणि तुम्हाला त्याच्या मुलीची परीक्षा कधी आहे ते माहीत असू दे.

कोणाकडे जायचं? लांब शोधू नका, आधी घरात बघा. भांडी घासायला येणारी बाई, कॉलनीचा गार्ड, कचऱ्याच्या गाडीवरचा दादा, मे महिन्यात ऊन चाळीसच्या वर गेलेलं असताना पार्सल घेऊन तिसरा मजला चढणारा मुलगा. अनुवाद २४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्या कारण त्याचा जीव त्यात अडकलेला असतो. म्हणजे दान वगैरे नंतर, आधी ज्याचं त्याला वेळेवर द्या. बाईचा पगार एक तारखेला हातात पडला पाहिजे, तिचं मूल आजारी होतं म्हणून चार दिवस आली नाही तर पैसे कापू नका, आणि तिचं आयुष्मान कार्ड बनलंय का ते विचारा. नसेल तर आधार आणि समग्र आयडी (एमपी सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) घेऊन तिच्याबरोबर सेंटरवर जा. समग्रमध्ये नाव चुकलेलं असतं, लग्नानंतर बदललेलं नसतं, आणि आपल्या एमपीत समग्र बरोबर नसला की पुढची निम्मी कामं अडतात. ज्याला वाचता येत नाही तो तीनदा परत पाठवला की चौथ्यांदा जातच नाही, एक दिवसाची मजुरी जाते ना प्रत्येक वेळी. तुम्ही सोबत असलात की तेच काम एका फेरीत होऊ शकतं.

आता विचारायचं कसं. मार्क १० मध्ये बार्तीमय आंधळा आहे, रस्त्याच्या कडेला बसून ओरडतोय, त्याला काय हवंय हे सगळ्या गर्दीला दिसत होतं तरी प्रभू येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आपण हे विचारतच नाही. आपण घरून ठरवून निघतो की यांना तांदूळ हवेत. आणि ज्या बाईला द्यायला जातो तिच्याकडे राशनचं धान्य असतं, नसतो तो गॅस, किंवा मुलाची फी भरायची तारीख निघून गेलेली असते. म्हणून आधी बसा, खाली बसा, उभ्याने बोलू नका. वयस्कर असतील तर काका-काकी म्हणा, गावाकडचे असतील तर हिंदीत "दादा, कहाँ से आए" एवढंच पुरे, एकदम "क्या प्रॉब्लेम है" असं विचारून सुरू करू नका. कुठून आलात, कोण कोण आहे सोबत, जेवण झालं का, मग हळूच सगळ्यात मोठी अडचण कोणती चाललीय. आणि समोरचा म्हणाला काही नको, तर नको. त्याला नाही म्हणता आलं पाहिजे, तरच ती दया.

इंदूरमध्ये हे शिकायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे एमवाय हॉस्पिटल. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन, सगळीकडून पेशंट तिथे येतात आणि प्रत्येक पेशंटबरोबर एक-दोन अटेंडर असतात ज्यांचं शहरात कोणीच नसतं. जेवण वाटणारे तिथे बरेच येतात, त्यामुळे आणखी एक पुरीभाजीची गाडी नेण्याच्या आधी जरा बघा काय कमी आहे. मला विचाराल तर लागतं ते असं: साबण, ब्रश, खाली अंथरायला प्लास्टिक किंवा चटई, पाण्याची बाटली, मोबाइलचा चार्जर, बायकांसाठी पॅड आणि आतले कपडे, एखाद्याला चप्पल. यापेक्षाही जास्त लागतो तो माणूस. पर्ची वाचून सांगणारा, कुठल्या काउंटरवर जायचं, सोनोग्राफी कुठल्या बिल्डिंगमध्ये, रिपोर्ट कधी मिळणार हे दाखवणारा. आणि कोणीतरी तासभर पेशंटजवळ बसणारा म्हणजे त्या बाईला आंघोळ करून थोडं झोपता येईल. पैसा एक लागत नाही याला. फक्त वॉर्डात सिस्टरला विचारूनच बसा आणि पेशंटला स्वतःच्या मनाने काहीही खायला देऊ नका, ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेलं असतं, शुगर असते, आपण प्रेमाने केळं देतो आणि ऑपरेशन पुढे जातं. औषधाचा सल्ला पण अजिबात नाही, अगदी घरगुतीसुद्धा नाही.

रक्ताचं तर तरुण संघाने मनावर घेतलं तर फार मोठं काम होईल. झाबुआहून आलेल्या माणसाला इंदूरमध्ये डोनर कुठून मिळणार? मंडळीतल्या १८ ते ६५ वयाच्या, वजन ४५ किलोच्या वर असलेल्या सगळ्यांची ब्लड ग्रुपप्रमाणे यादी करून ठेवा, शेवटचं रक्त कधी दिलं ते समोर लिहा कारण पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनीच परत देता येतं. यादी एका जबाबदार माणसाकडे, फोन आला की तो फोन लावणार. ग्रुपवर "अर्जंट" टाकून सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी पाठवले तर रक्त मिळत नाही, एकाने गाडी काढून ब्लड बँकेत जावं लागतं.

आणखी एक गोष्ट जी लोक सांगत नाहीत. पेशंट वारला की गावाकडे बॉडी नेणं हा त्या कुटुंबाचा फार मोठा खर्च असतो आणि रडण्याच्या अवस्थेत ते कोणी म्हणेल तेवढे पैसे कबूल करतात. तिथे शांत डोक्याचा एक माणूस हवा, जो आधी सरकारी शववाहन मिळतंय का ते विचारेल, नसेल तर भाडं ठरवेल, कागद पूर्ण झालेत का बघेल. त्या वेळी शास्त्रवचन सांगायला जाऊ नका. पाणी द्या, सोबत उभे राहा, गावात कोणाला फोन करायचाय ते विचारा.

रस्त्यावर एक्सिडेंट दिसला तर थांबायचंच. एबी रोड असो नाहीतर बायपास. शोमरोन्याच्या गोष्टीत त्याच्या आधी आलेले याजक आणि लेवी कशामुळे बाजूने निघून गेले ते शास्त्रात सांगितलेलं नाही, पण आपण का निघून जातो ते आपल्याला माहीत आहे, पोलीस स्टेशनच्या भीतीने. ती भीती आता काढून टाका कारण मोटर वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ ए आलंय, त्याप्रमाणे चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर केस होऊ शकत नाही आणि त्याला स्वतःचं नाव पत्ता सांगायची सक्ती नाही. १०८ ला फोन करा, मान वाकडी असेल तर ओढून उचलू नका, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, गाड्या त्याच्या अंगावर येणार नाहीत असं कोणाला तरी उभं करा. २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे, रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या हॉस्पिटलात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस इलाज मिळतो, हे घरच्यांना माहीत नसतं, तुम्ही सांगा.

आता सिग्नलवरच्या माणसांबद्दल. १ जानेवारी २०२५ पासून इंदूरमध्ये भीक मागण्याबरोबर भीक देण्यावरही बंदीचा आदेश निघाला, देणाऱ्यावर एफआयआर होईल असं त्यात होतं. आदेशाबद्दल मंडळीत दोन्ही मतं आहेत आणि मला दोन्ही समजतात, लहान मुलांना भाड्याने बसवणाऱ्या टोळ्या हे खोटं नाही आणि खरोखर उपाशी म्हातारी पण खोटी नाही. पण काच वर करून समोर बघत बसायचं असं आदेशात कुठे लिहिलेलं नाही. प्रेषितांच्या कृत्यांत ३ ऱ्या अध्यायात मंदिराच्या दारात पांगळा बसलेला असतो, पेत्र आणि योहान आधी त्याच्याकडे निरखून बघतात, पेत्र सांगतो सोनंनाणं माझ्याकडे नाही, आणि मग त्याचा उजवा हात धरून त्याला उठवतो. तसं करा ना. नाणं न देता बोला. लहान मूल एकटं मागताना दिसलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन, रात्री रस्त्यावर कुटुंब झोपलेलं दिसलं तर जवळचा रैन बसेरा (रात्रीचा निवारा) कुठे ते आधी स्वतः बघून या आणि मग त्यांना घेऊन जा, दुपारी कोणी उपाशी असेल तर दीनदयाल रसोई आहे, कुठल्याही गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, खजराना गणपतीच्या मंदिरात अन्नक्षेत्र आहे. हो, मी मंदिर आणि गुरुद्वाऱ्याचं नाव मुद्दाम लिहितेय. उपाशी माणसाला जिथे जवळ अन्न मिळतं तिथे पाठवा, ते अन्न आपल्या हातून गेलं पाहिजे हा हट्ट कशाला.

यावरूनच पुढचं, आणि हे नीट वाचा. मदतीला कुठलीही दोरी बांधायची नाही. तांदळाच्या थैलीत पत्रक टाकायचं नाही, रविवारी उपासनेला या मग फी भरतो असं म्हणायचं नाही, आजाऱ्याच्या डोक्यावर न विचारता हात ठेवायचा नाही. आपल्या राज्यात २०२१ चा धर्म स्वातंत्र्य कायदा आहे, त्यात भेटवस्तू किंवा आर्थिक फायदा दाखवून धर्म बदलायला लावणं प्रलोभन मानलं जातं आणि त्याला जेल आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. लूक १७ मध्ये दहा कोडी बरे होतात, आभार मानायला परत येतो फक्त एक, तोही शोमरोनी. बाकी नऊ जणांचं बरं होणं प्रभूने परत काढून घेतलं का? नाही घेतलं. ज्याला आपण मदत करतो तो उद्या स्वतःच्या घरी गणपती बसवेल, ईद करेल, त्याने आपल्या मदतीत एक पैशाचाही फरक पडता कामा नये. कोणी स्वतःहून विचारलं की तुम्ही हे का करता तर खरं ते दोन वाक्यांत सांगा, लपवायचं काहीच नाही. तुमच्यासाठी प्रार्थना करू का असं विचारू शकता, नको म्हणाले तर घरी येऊन करा, प्रभूला तिथूनही ऐकू येतं.

फोटोचं पण तसंच. मत्तय ६ मध्ये डाव्या हाताला कळू देऊ नको म्हटलंय आणि आपण हात पुढे केलेल्या बाईचा चेहरा स्टेटसला लावतो. तिचा जावई बघतो तो फोटो, तिच्या मुलाच्या शाळेतली मुलं बघतात. ज्यांनी वर्गणी दिली त्यांना हिशोब हवा हे बरोबर आहे, मग बिलाचा फोटो पाठवा, माणसाचा नको. तेच प्रार्थना विनंत्यांबद्दल. "अमुक भगिनीचा नवरा दारू पितो आणि घरात धान्य नाही, प्रार्थना करा" असं नावासकट ग्रुपवर टाकणं म्हणजे तिची अब्रू वाटणं आहे. "एका कुटुंबासाठी" एवढंच लिहा.

पैशाचं काय करायचं हा सगळ्यात अवघड प्रश्न. फी असेल तर शाळेत जाऊन भरा, औषध असेल तर मेडिकलवाल्याला द्या, भाडं थकलं असेल तर घरमालकाशी बोला, असं साधारण. पण प्रत्येक वेळी हा नियम लावून माणसाला लहान मूल करून टाकू नका, ओळखीच्या माणसाला कधी सरळ हातात पैसे देऊन तुला योग्य वाटेल तिथे वापर म्हणणं यातही मान असतो. उधार मागितलं तर जेवढं बुडालं तरी चालेल तेवढंच द्या आणि मनात ते दिलेलंच धरा, लूक ६ मध्ये परत मिळायची आशा न धरता उसनं द्या असंच आहे, नाहीतर उसन्यापायी माणूसही जातो आणि पैसेही. आणि जमत नसेल तर तोंडावर सांगा की नाही जमणार. बघतो, करतो काहीतरी, असं म्हणून त्याला आशेवर ठेवू नका, तो दुसरीकडे प्रयत्न करायचा थांबतो. नाही म्हणताना भाषणही देऊ नका की तुम्ही लोक बचत करत नाही.

सावकाराच्या कर्जात अडकलेल्यांसाठी मात्र फक्त पैसे पुरत नाहीत. धन्य सिस्टर राणी मारियांचं काम आपल्या शेजारचंच आहे, देवास जिल्ह्यात उदयनगरला. त्यांनी भूमिहीन मजुरांना एकत्र आणलं, सरकारी योजना आणि बँकेचा रस्ता दाखवला, सावकाराची गरजच कमी केली, आणि म्हणूनच २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना मारलं. ज्याने मारलं त्या समंदर सिंगला त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी जेलमध्ये जाऊन राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथे इंदूरमध्येच त्यांना धन्य घोषित केलं गेलं. आपल्यापैकी बरेच जण प्रॉटेस्टंट आहेत, त्या कॅथोलिक होत्या, पण काम कसं करायचं ते त्यांच्याकडून शिकू या. कागद घेऊन माणसाबरोबर जाणं. मंगळवारी कलेक्टर ऑफिसला जनसुनवाई असते तिथे अर्ज लिहून द्यायला मदत करा, १८१ या सीएम हेल्पलाइनला तक्रार नोंदवून तिचा नंबर त्यांच्या वहीत लिहून ठेवा, पुढच्या मंगळवारी परत विचारा काय झालं. पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली आणि विधवांना आणलं, आणि पुढे केडगावला त्यांना विणकाम, शेती, छापखान्याचं काम शिकवलं. जेवण देऊन थांबल्या नाहीत त्या.

थंडीचं थोडं. ब्लँकेट द्यायचंच असेल तर नोव्हेंबरमध्येच द्या, रात्री दहानंतर जा म्हणजे खरंच कोण बाहेर झोपतंय ते दिसेल. सरवटे, गंगवाल स्टँडच्या आसपास, हॉस्पिटलच्या बाहेर. थंडी खालून येते म्हणून अंथरायला काहीतरी द्या. झोपलेल्याला उठवू नका, पांघरूण घालून पुढे व्हा. मंडळीचं नाव त्यावर छापू नका.

आणि गरज म्हटलं की झोपडपट्टीच डोळ्यांसमोर येते पण तिलकनगर, सुदामानगर, राजेंद्रनगरमध्ये कितीतरी आपले मराठी म्हातारे आई-वडील एकटे राहतात, मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेत. पैसे आहेत, माणूस नाही. नोव्हेंबरमध्ये पेन्शनचा हयातीचा दाखला, वीज बिल मोबाइलवरून भरणं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोबत जाणं, आणि बसून गप्पा, तीच गोष्ट परत सांगितली तरी ऐकणं. इथे डबा घेऊन जा आणि रिकामा डबा न्यायला परत जा. कोणी त्यांना त्रास देत असेल, घर लिहून मागत असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

कामाची पद्धत पण ठरवून घ्या. प्रभूने शिष्यांना दोघा-दोघांना पाठवलं, तसंच जा, बायकांकडे जाताना सोबत एक बाई असलीच पाहिजे, लहान मुलांबरोबर कोणीही एकट्याने थांबायचं नाही, आपला माणूस कितीही विश्वासू असला तरी हा नियम. पैशाची वही दोघांच्या सहीने. आणि पहिल्या मंडळीत काय झालं ते विसरू नका, ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीत सुटत होत्या म्हणून सात जण निवडावे लागले. आपल्याकडेही जो मोठ्याने मागतो त्याला मिळतं, आणि मागच्या बाकावर बसणारी, उपासना संपली की लगेच निघून जाणारी सुटते. दर महिन्याला एकाने फक्त हेच बघावं की कोण सुटलं, कोण तीन रविवार आलं नाही.

कोणी फसवेल. होतं ते. खोटी पर्ची दाखवेल, दुसऱ्या मंडळीतूनही घेईल. वाईट वाटतं, दोन दिवस थांबा, पुढच्या वेळी कागद नीट तपासा, पण त्या एकामुळे पुढच्या दहा जणांकडे संशयाने बघायला लागू नका. आणि स्वतः थकलात तर सांगा की थकलोय. घरातली मुलं आणि नवरा-बायको यांना प्रेमाला उपाशी ठेवून बाहेर सेवा करू नका, दर आठवड्याला जमत नसेल तर महिन्यातून एकदा, पण ठरलेल्या दिवशी. ट्रान्सफर झाली, शिक्षणासाठी बाहेरगावी निघालात, तर गुपचूप गायब होऊ नका. जाण्याआधी दुसऱ्या कोणाला सोबत घेऊन त्या घरी जा, ओळख करून द्या, दोघांचे नंबर एकमेकांकडे सेव्ह करून द्या, आणि वहीत लिहून ठेवा की काकांची बीपीची गोळी कुठली, किती तारखेला संपते आणि कुठल्या मेडिकलवर मिळते.